गरिबाच्या मधमाश्या

मधमाशीविषयी लिहावयास बसलेला लेखक सामान्यतः तिच्या उद्यमशीलतेकडे, नाही तर तिच्या षट्कोनी कोठड्यांच्या भूमितीकडे वळतो. मला मात्र गेली कित्येक वर्षे तिच्याविषयी जे कुतूहल वाटत आले आहे ते न्यायाच्या अंगाने. जिला कुंपण घालता येत नाही, जिच्या गळ्यात दावे अडकवता येत नाही, जी सकाळी मालकाच्या पेटीतून निघते, दोन-तीन किलोमीटरांच्या परिघात ज्याच्या त्याच्या शेतात शिरते आणि दिवस मावळायच्या आत बिनचूक आपल्या दाराशी परतते, त्या जीवाची मालकी कायद्याने कशी ठरवावी, आणि परक्याच्या फुलावर बसून विषाने ती मेली तर जाब कोणाला विचारावा? कीटकनाशकांपासून मधमाशीचे रक्षण कायद्याने करावे ही मागणी आजकालची आहे असे आपण धरून चालतो. परंतु या प्रश्नाच्या मागे लागलो असता माझ्या हाती आलेला सर्वांत मोलाचा दस्तऐवज रोमन साम्राज्याच्या काळातला आहे, आणि आजच्या कोर्टकचेऱ्यांतून होणारा एकही युक्तिवाद असा नाही की ज्याचे बीज त्यात सापडत नाही.

क्विंटिलियन या विख्यात रोमन वक्तृत्वशिक्षकाच्या नावावर एकोणीस प्रदीर्घ भाषणांचा एक संग्रह परंपरेने चालत आलेला आहे. ती भाषणे त्याची नव्हेत, मागाहूनच्या अनामिक शिक्षकांची आहेत, असे विद्वानांचे मत आहे. वकिलीची उमेदवारी करणाऱ्या तरुणांपुढे काल्पनिक खटला ठेवून त्यावर भाषण रचून घ्यावयाचे, अशी त्या काळच्या पाठशाळांची रीत होती. तिचेच हे नमुने. त्यांतील तेरावे भाषण ‘गरिबाच्या मधमाश्या’ या नावाने ओळखले जाते. एक गरीब आणि एक श्रीमंत असे दोघे खेड्यात शेजारी राहतात व दोघांच्या बागा एकमेकींस लागून आहेत. श्रीमंताच्या बागेत फुले आहेत, गरिबाच्या बागेत मधमाश्या. तुझ्या माश्या माझी फुले लुटतात, त्यांना येथून हलव, असे श्रीमंत बजावतो. गरीब हलवीत नाही. तेव्हा श्रीमंत आपल्या फुलांवर विष शिंपडतो आणि गरिबाच्या सर्व माश्या मरतात. गरीब नुकसानीचा दावा लावतो. भाषण सर्वस्वी फिर्यादीच्या, म्हणजे त्या गरीब म्हाताऱ्याच्या मुखातून आहे.

वडिलोपार्जित चतकोर जमीन, भोवतालचे शेजारी एकामागून एक उठून गेलेले, त्यांची शेते गिळीत गिळीत त्या धनिकाची हद्द आपल्या बांधापर्यंत येऊन भिडलेली, आणि नांगर धरण्याचे बळ अंगात उरले नाही म्हणून अखेरीस या चिमुकल्या मजुरांच्या आधाराने चालविलेला चरितार्थ: हे सारे तो म्हातारा इतक्या संथपणे सांगतो की पाठशाळेतील अभ्यासाचा धडा आपण वाचीत आहोत याचे भान सुटते. माश्या कोठे कोठे पडल्या तेही तो सांगतो. काही फुलावरच, काही परतीच्या वाटेवर, काही पोळ्याच्या उंबरठ्याशी. पण माझ्या दृष्टीने या भाषणाचे मोल त्यातील करुणरसात नाही. प्रतिवादीची कैफियत फिर्यादी स्वतःच मुद्द्यागणिक पुढे मांडतो आणि खोडून काढतो, त्यात ते आहे. श्रीमंताचे म्हणणे असे की मधमाशी हा वन्य व स्वैर जीव, त्यावर कोणाचीच मालकी नाही, सबब नुकसान झालेच नाही. फुले माझी, जमीन माझी, मी तुझ्या वाड्यात पाऊल टाकले नाही. त्या आपल्या पायांनी मरणाकडे आल्या. शिवाय त्या चोरी करीत होत्या. यावर गरिबाचे उत्तर असे की ज्या पोळ्यातील मध माझा आहे याबद्दल कोणी शंका घेत नाही, त्या पोळ्यातील माश्या मात्र कोणाच्याच नव्हेत असे कसे म्हणता येईल? फुलातून त्या जे नेतात त्याने फूल उणे होत नाही. ते आपोआप कोमेजून गळावयाचेच असते. आणि येणारा कोण हे पुरते ठाऊक असताना वाटेवर ज्याने विष मांडले, त्याने ते आपण होऊन आले असे म्हणू नये.

खटला काल्पनिक असल्यामुळे त्याचा निकाल अर्थातच उपलब्ध नाही. परंतु याच प्रश्नावर खऱ्याखुऱ्या रोमन विधिज्ञांत मोठा वाद झाला होता. सम्राट जस्टिनियनने इसवी सन ५३३ मध्ये जो न्यायसंग्रह प्रसिद्ध केला त्यात त्या वादाचे केवळ निष्पन्न एका ओळीत उरले आहे: माझ्या माश्या उडून तुझ्या माश्यांकडे आल्या असता तू त्या जाळून मारल्यास तर मला दावा लावता येतो, असे केल्सस या विधिज्ञाचे मत. वाद कोणाशी, कशावरून, याचा तेथे मागमूस नाही. तो सापडतो एका वेगळ्याच बाडात, मोझेसचे धर्मनियम आणि रोमन कायदा यांची शेजारी शेजारी मांडणी करणाऱ्या एका अज्ञात संकलकाच्या संग्रहात, आणि तेथेही आग लावणाऱ्यांसंबंधीच्या प्रकरणात अडगळीत पडल्यासारखा. प्रोक्युलस या आधीच्या पिढीतील थोर विधिज्ञाचे म्हणणे होते की माश्या पाळीव नव्हेत व कोंडलेल्याही नव्हेत, तस्मात त्या माझ्या मालकीच्या नव्हेत आणि मला फिर्यादीचा हक्क नाही. केल्सस म्हणतो, हे चूक आहे. मधमाशी परत येते आणि तिच्यापासून मला उत्पन्न मिळते. हाती धरू गेल्यास उडून जाणारी परंतु घराकडे परतणारी पारवी आणि ही माशी यांत काडीचेही अंतर नाही. मालकीची खूण बंधनात नसून परतण्याच्या सवयीत आहे, हा केल्ससचा सिद्धान्त मला प्राचीन न्यायशास्त्रातील अत्यंत सुंदर सिद्धान्तांपैकी एक वाटतो, आणि जस्टिनियनच्या संकलकांनी त्याचे कारण गाळून केवळ निर्णय ठेवला याची हळहळ वाटते.

मधली शतके या विषयापुरती ओसाड आहेत. थवा कोणाचा, शेजाऱ्याच्या झाडावर बसलेले मोहोळ कोणी उतरवावे, असल्या तंट्यांनी युरोपातील दप्तरे भरली. विषाचा प्रश्न मात्र निजून राहिला, कारण शेतात विष शिंपण्याची चालच नव्हती. ती आली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अमेरिकेत, सफरचंदाच्या फळात शिरणाऱ्या अळीवर. ‘पॅरिस ग्रीन’ आणि ‘लंडन पर्पल’ या नावांनी विकली जाणारी सोमलाची मिश्रणे बागाइतदार मोहोरावर फवारू लागले आणि मधपाळांची ओरड सुरू झाली. फुलोऱ्यात विष फवारण्यास मनाई करणारा कायदा न्यूयॉर्क राज्याने १८९८ मध्ये केला. बागाइतदारांना तो जाच वाटला. मोहोरातच फवारले तर अळी मरते असा त्यांचा ठाम समज होता. परंतु जिनीव्हा येथील राज्य प्रयोगशाळेतील बीच आणि कॉर्नेल विद्यापीठातील बेली यांनी केलेल्या प्रयोगांचे जे पत्रक १९०० मध्ये निघाले, त्यात उमललेल्या फुलावर पडणारे विष फलधारणेलाच बाधक होते असे दिसून आले. पाकळ्या गळून गेल्यावर, फळाचा देठाविरुद्धचा पेला अजून उघडा असताना केलेली फवारणी अळीवर अधिक लागू पडते, हेही पुढे सर्वमान्य झाले. कायद्याने माशीसाठी जी वेळ निषिद्ध ठरविली होती तीच बागेसाठीही अयोग्य होती. शेतकऱ्याचे हित आणि मधमाशीचे हित एकमेकांच्या विरुद्ध असते हे गृहीत धरून जे वाद आजही घातले जातात, त्यांतील वादपटूंनी हे जुने पत्रक एकदा अवश्य वाचावे.

दुसऱ्या महायुद्धानंतर सेंद्रिय रसायनांचा पूर लोटला. पेट्यांची हानी इतकी वाढली की अमेरिकेच्या काँग्रेसला १९७० च्या कृषी कायद्यात खास तरतूद करावी लागली: केंद्रशासनाने मान्यता दिलेल्या कीटकनाशकांमुळे, स्वतःचा काही दोष नसताना, १ जानेवारी १९६७ नंतर ज्यांच्या वसाहती गेल्या त्या मधपाळांना सरकारी तिजोरीतून भरपाई द्यावी. उपाय दयाळूपणाचा होता, पण न्याय्य नव्हता. विष करणाऱ्याने नफा घ्यावा, फवारणाऱ्याने पीक घ्यावे आणि मेलेल्या माश्यांचे मोल करदात्याने चुकते करावे, अशी ही योजना. माश्या मरू नयेत यासाठी तिच्यात एक अक्षरही नव्हते. दहाएक वर्षांनी ती गुंडाळली गेली.

यानंतरचा एक खटला हुबेहूब त्या म्हाताऱ्याच्या फिर्यादीसारखा आहे. मिनेसोटा राज्यात कागदाच्या लगद्यासाठी लावलेल्या पॉपलरच्या राया होत्या. काही राज्याच्या निसर्गसंपत्ती विभागाच्या देखरेखीखालील, काही एका कागद कंपनीच्या. पाने खाणाऱ्या भुंगेऱ्यांवर तेथे कार्बारिल फवारण्यात येई आणि आसपासच्या मधपाळांच्या वसाहती मरत. मधपाळांनी दावा लावला तेव्हा खालच्या दोन्ही न्यायालयांनी, आपल्या जमिनीवर न बोलावता येणाऱ्या माश्यांसाठी जमीनधारकाने आपली वहिवाट बदलावी असे बंधन कायद्यात नाही, अशा अर्थाने तो फेटाळला. प्रोक्युलस जिवंत असता तर त्यास हा निकाल पसंत पडला असता. परंतु २००५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला: आपल्या जमिनीवर मधमाश्या चरत आहेत हे ज्यास ठाऊक आहे किंवा ज्यास तशी सूचना मिळालेली आहे, त्याच्यावर फवारणी करताना वाजवी काळजी घेण्याचे कर्तव्य येऊन पडते. येणारा कोण हे पुरते ठाऊक असताना विष मांडले, हा म्हाताऱ्याचा मुद्दा इतक्या शतकांनी एका न्यायपीठाने मान्य केला.

तरीही या विजयाने मला पूर्ण समाधान होत नाही. प्रत्येक मधपाळाने माश्या मेल्यावर वकील गाठावा, मृत माश्या बर्फात घालून प्रयोगशाळेकडे धाडाव्या, कोणत्या शेतातील कोणत्या दिवसाच्या फवारणीने त्या मेल्या हे शाबीत करावे आणि वर्षानुवर्षे तारखा भराव्या, ही वाट न्यायाची असली तरी संरक्षणाची नव्हे. आणि १९९० नंतर जे विष आले त्याने तर ही वाट पुरतीच बंद केली, कारण ते फवारले जात नव्हते. बियाण्यालाच माखलेले असे.

इमिडाक्लोप्रिड हे त्याचे नाव. फ्रान्समध्ये ‘गोशो’ या व्यापारी नावाने ते सूर्यफुलाच्या बियाण्यावर १९९४ पासून वापरात आले. बी रुजते तसे ते रसाबरोबर खोडात, पानात, अखेरीस परागात व मकरंदात उतरते. सूर्यफुलाच्या फुलोऱ्यानंतर पेट्या रिकाम्या पडू लागल्या. मेलेल्या माश्यांचे ढीग नव्हते, फिर्याद कोणावर करावी तर फवारणारा कोणी नव्हता. माश्या गेल्या त्या परतल्याच नाहीत. केल्ससने मालकीचा पाया जिच्यावर उभारला होता ती परतण्याची सवयच या विषाने मोडली, ही गोष्ट लक्षात आल्यापासून माझ्या मनातून जात नाही. रसायनशास्त्रज्ञांनी परागातील अब्जांशाच्या प्रमाणातले अवशेष मोजण्याच्या पद्धती बसविल्या, उत्पादक कंपनी आणि मधपाळसंघ यांच्यात प्रयोगांवरून घनघोर वाद माजला, आणि जानेवारी १९९९ मध्ये कृषिमंत्री ग्लाव्हानी यांनी सूर्यफुलावरील वापर स्थगित केला. बियाण्याचे व्यापारी न्यायालयात गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने मंत्र्यांचा हुकूम कायम राखला. मक्यावरील वापर २००४ मध्ये थांबला, तोही मधपाळसंघाने त्याच न्यायपीठाकडून शासनास पुन्हा पुन्हा फेरविचार करावयास लावल्यावर.

दरम्यान २००८ च्या वसंतात जर्मनीतील ऱ्हाइनच्या खोऱ्यात याच कुळातील क्लोथियानिडिन माखलेल्या मक्याच्या बियाण्यावरील भुकटी पेरणीयंत्रांतून हवेत उडाली आणि सुमारे ७०० मधपाळांच्या साडेअकरा हजार वसाहतींना बाधा झाली.

युरोपीय संघाने २००९ मध्ये वनस्पतिसंरक्षक द्रव्यांचा जो नियम केला, त्याच्या परिशिष्टातील एक अट हीच या साऱ्या इतिहासातील खरी क्रांती आहे असे माझे मत आहे. कोणत्याही द्रव्यास मान्यता देण्यापूर्वी मधमाशीला त्याचा संपर्क नगण्य आहे, किंवा वसाहतीच्या जगण्यावाढण्यावर, तिच्या अळ्यांवर व माशीच्या वर्तनावर अस्वीकार्य परिणाम होत नाही, हे सिद्ध झाले पाहिजे. माशीचे नाव घेऊन लिहिलेली अट! पुराव्याचा भार मधपाळाच्या खांद्यावरून उचलून विष विकू पाहणाऱ्याच्या खांद्यावर ठेवलेला! याच आधारावर २०१३ मध्ये इमिडाक्लोप्रिडच्या कुळातील तीन द्रव्यांवर, म्हणजे निओनिकोटिनॉइडांवर, निर्बंध आले, २०१८ मध्ये बंदिस्त हरितगृहांबाहेर त्यांना पूर्ण मज्जाव झाला, आणि २०२१ मध्ये युरोपीय न्यायालयाने उत्पादकाचे अपील फेटाळले. लढा संपलेला नाही. बीटच्या पिकाचे निमित्त करून देशोदेशींच्या सरकारांनी सवलती दिल्या, त्या बेकायदा असल्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला; फ्रान्समध्ये त्याच कुळातील अॅसिटामिप्रिड पुन्हा आणू पाहणारे कलम तेथील संविधान परिषदेने ऑगस्ट २०२५ मध्ये रद्द केले, आणि त्यापूर्वी वीस लाखांहून अधिक नागरिकांनी त्याविरुद्धच्या अर्जावर सह्या केल्या होत्या.

आता आपल्या मुलखाकडे वळतो. इमिडाक्लोप्रिड आपल्याकडील कोणत्याही कृषी सेवा केंद्रात सहज मिळते. महाराष्ट्रात मधमाशीची उपेक्षा झाली असे म्हणता येणार नाही. महाबळेश्वरच्या डोंगरात सातेरी माशीच्या पेट्यांची परंपरा स्वातंत्र्याच्या उषःकालापासूनची, केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था पुण्यात १९६२ पासून, आणि मांघर हे महाबळेश्वरकडचेच खेडे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झालेले. कांद्याच्या बियाण्यासाठी गोंड्यांवर आणि डाळिंबाच्या बागेत माश्या हव्यात म्हणून भाड्याने पेट्या नेणारे शेतकरीही आता आहेत. परंतु विष खाऊन आलेली पेटी ज्याने पाहिली आहे त्यास मधाच्या गावाच्या पाटीने दिलासा मिळत नाही. दाराशी माश्या पाठीवर पडून गरगर फिरत असतात, पंख पसरलेले, जीभ बाहेर लोंबणारी. काही पोटातील मकरंद ओकून ओल्या झालेल्या. आणि बाहेरून येणाऱ्या आपल्याच बहिणींना पहारेकरी माश्या आत घेत नाहीत. आत चौकटीवर पिलावा भरलेला असतो, पण त्याला ऊब देणाऱ्या आणि भरविणाऱ्या माश्याच उरलेल्या नसतात.

आपला कीटकनाशक कायदा १९६८ चा. केरळात १९५८ मध्ये पॅराथिऑन मिसळलेल्या पिठाने शंभरावर माणसे दगावली. त्या दुर्घटनेच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचे काम मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शाह यांच्याकडे होते, आणि त्या चौकशीतून या कायद्याचा उगम झाला. मनुष्य व प्राणी यांना होणारा धोका टाळणे हा त्याचा घोषित हेतू. त्यातील ३ रे कलम प्राणी म्हणजे काय ते सांगते: माणसाला उपयुक्त असे प्राणी, त्यांत मासे व कोंबड्या आदी पक्षी आले, आणि शिवाय केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवील ते वन्यजीव. केल्ससने उत्पन्नाचे जे कारण दिले होते तेच येथे उपयुक्ततेच्या रूपाने पुन्हा उभे आहे. पेटीतील सातेरी या व्याख्येत निःसंशय बसते. कड्यावर लोंबणारी आग्या माशी, जी त्याच पिकांचे परागण करते, तिच्याविषयी मात्र प्रोक्युलसची शंका कोणीही काढू शकेल. मासा आणि कोंबडी यांची नावे लिहिणाऱ्या मसुदाकाराला मधमाशीचे नाव सुचले नाही, ही उणीव अक्षम्य आहे.

त्याहून गंभीर आहे ते ३८ वे कलम. घरगुती वापर, परसबाग, आणि स्वतःच्या कसणुकीखालील जमीन यांवर कोणी कीटकनाशक वापरले तर त्यास हा कायदा लागूच नाही, असे ते सांगते. फुले माझी, जमीन माझी, हा त्या रोमन धनिकाचा बचाव आपल्या कायद्याच्या पुस्तकात कलमाचे रूप घेऊन बसलेला आहे. परंतु येथे एक मोठा फरक आहे आणि तो दृष्टीआड करणे अन्याय होईल. आपल्याकडे फवारणारा बहुधा धनिक नसतो. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करता करता जे मेले ते अल्पभूधारक आणि मजूर होते. बांधाच्या अलीकडे गरीब, पलीकडेही गरीब. त्यांच्यावर खटले भरा असे मी म्हणणार नाही. ३८ व्या कलमाची सूट त्यांना फौजदारीपासून राहू द्यावी. पण फुलोऱ्यात फवारणी न करणे आणि जवळच्या मधपाळाला आदल्या दिवशी खबर देणे ही दोन बंधने त्या सुटीला जोडावीत, आणि खरा भार नोंदणीच्या वेळी, म्हणजे विष बाजारात येण्यापूर्वी, उत्पादकावर टाकावा. २००८ आणि २०२० मध्ये राज्यसभेत नव्या कायद्याची विधेयके मांडली गेली. पुढचे जेव्हा येईल तेव्हा त्यात मधमाशीचे नाव स्वतंत्र अटीसह असले पाहिजे.

तोपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. याच कायद्याचे २६ वे कलम राज्य सरकारला असा अधिकार देते की राजपत्रातील अधिसूचनेने कोणत्याही व्यक्तीस वा वर्गास, कीटकनाशकाच्या वापरातून झालेली आणि आपल्या माहितीत आलेली विषबाधा नेमलेल्या अधिकाऱ्यास कळविण्यास सांगावे. ती विषबाधा केवळ माणसाचीच असावी असे ते कलम म्हणत नाही. वसाहत मेल्याची खबर मधपाळाने तालुका कृषी अधिकाऱ्यास द्यावी आणि त्याने नमुना घेऊन पंचनामा करावा, एवढा हुकूम महाराष्ट्र शासनाने काढावा. त्यासाठी संसदेकडे जावे लागत नाही. वाचकांपैकी जे मधपाळ आहेत, बागाइतदार आहेत, विधिमंडळात ज्यांचा शब्द चालतो, त्यांनी ही मागणी येत्या फुलोऱ्यापूर्वी लेखी करावी.